विश्लेषण : अमेरिकेतील ट्रकमालकांसाठी ३१ ऑगस्ट इतका महत्त्वाचा का? ‘फॉर्म २२९०’ आणि ई-फायलिंगची प्रक्रिया काय?

अमेरिकेत ऑगस्ट महिना उजाडला की लाखो ट्रकमालकांच्या डोक्यात एकच आकडा घोळू लागतो, तो म्हणजे २२९०. अवजड वाहनांच्या महामार्ग वापर कराचे विवरणपत्र या क्रमांकाने ओळखले जाते. ते भरण्याची मुदत बहुतेकांसाठी ३१ ऑगस्टला संपते. कराची रक्कम एका ट्रकमागे जास्तीत जास्त ५५० डॉलर. पण तो भरल्याचा पुरावा हाती नसेल, तर लाख-दीड लाख डॉलरचा ट्रक नोंदणीअभावी दारात उभा राहू शकतो. हप्ता मात्र सुरूच राहतो. म्हणूनच ही प्रक्रिया ऑनलाइन झाल्यावर सर्वाधिक दिलासा एक-दोन ट्रक असलेल्या छोट्या मालकांना मिळाला. हा कर काय आहे, तो कोणाला लागतो आणि ई-फायलिंग करताना गाडी नेमकी कुठे अडते, ते समजून घेऊ.

हा कर नेमका काय आहे?

अमेरिकेतील सार्वजनिक महामार्गांवर चालणाऱ्या अवजड वाहनांवर केंद्र सरकार दरवर्षी हा कर आकारते. त्याची वसुली आयआरएस, म्हणजे अमेरिकेचा अंतर्गत महसूल विभाग करतो. राज्यांचे नोंदणी शुल्क, टोल आणि डिझेलवरील कर यांच्याशी त्याचा संबंध नाही. ते सगळे भरूनही हा कर वेगळा भरावाच लागतो.

कराचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. म्हणजे आपल्या आर्थिक वर्षाशीही ते जुळत नाही आणि अमेरिकेतील प्राप्तिकराच्या जानेवारी-डिसेंबर वर्षाशीही नाही. नव्याने या व्यवसायात आलेले अनेक जण इथेच पहिल्यांदा चुकतात. एप्रिलमध्ये प्राप्तिकर भरला, आता वर्षभर निवांत, अशी त्यांची समजूत असते आणि ऑगस्टमध्ये धावपळ होते.

कोणत्या वाहनांना तो लागू होतो?

करपात्र एकूण वजन ५५,००० पौंड, म्हणजे सुमारे २५ टन किंवा त्याहून अधिक असलेल्या वाहनांना. हे वजन काढताना तीन गोष्टींची बेरीज करतात. सर्व साधनांसह रिकाम्या ट्रकचे वजन, त्याला नेहमी जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरचे रिकामे वजन आणि त्यावर नेहमी वाहिला जाणारा जास्तीत जास्त माल. आपल्याकडे ‘गाडीचे पासिंग किती टनांचे?’ असे विचारतात, साधारण त्याच अंगाने जाणारा हा हिशेब आहे. एखाद्या फेरीत ट्रक अर्धा रिकामा गेला म्हणून कर कमी होत नाही. ट्रेलरचे वजन आधीच धरलेले असल्याने त्याच्यासाठी वेगळे विवरणपत्रही भरावे लागत नाही.

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एकूण वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन आहे. चित्रपटांत दिसणारे १८ चाकी लांबलचक ट्रक बहुधा याच मर्यादेपर्यंत माल भरतात. त्यामुळे ते कराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात येतात. पिकअप, छोटे टेम्पो आणि हलकी मालवाहू वाहने मात्र या कराच्या कक्षेत येत नाहीत.

केंद्र, राज्य व स्थानिक प्रशासनांची वाहने, अमेरिकन रेड क्रॉस, स्वयंसेवी अग्निशमन दले आणि रुग्णवाहिका सेवा अशांना करातून सूट आहे. कॅनडा आणि मेक्सिकोतून येणाऱ्या ट्रकना सूट नाही. त्यांना पूर्वी सवलतीचा दर होता, तो २००४ च्या कायद्याने रद्द झाला. आता सीमेवर त्यांच्याकडे कर भरल्याचा पुरावा मागितला जातो.

कर किती भरावा लागतो?

हिशेब सरळ आहे. ५५,००० पौंडांना १०० डॉलर. त्यापुढे प्रत्येक १,००० पौंडांना किंवा त्याच्या भागाला २२ डॉलर. ७५,००० पौंडांच्या पुढे सरसकट ५५० डॉलर.

उदाहरणार्थ, ट्रकचे करपात्र वजन ६२,००० पौंड आहे. मर्यादेपेक्षा ते ७,००० पौंडांनी जास्त. सात गुणिले २२ म्हणजे १५४ डॉलर आणि मूळ १०० मिळून २५४ डॉलर. वजन ६२,३०० पौंड असेल, तर वरच्या ३०० पौंडांसाठीही पूर्ण २२ डॉलर मोजावे लागतात आणि कर २७६ डॉलर होतो. जंगलातून लाकूड वाहणाऱ्या वाहनांना दर २५ टक्क्यांनी कमी आहे. त्यांच्यासाठी कमाल कर ४१२.५० डॉलर होतो.

वर्षाच्या मधोमध ट्रक रस्त्यावर आणला, तर उरलेल्या महिन्यांपुरताच कर लागतो. सर्वांत वरच्या टप्प्यातील ट्रक जानेवारीत पहिल्यांदा रस्त्यावर उतरला, तर जानेवारी ते जून या सहा महिन्यांचे २७५ डॉलर. कर एकरकमी भरावा लागतो. हप्त्यांची सोय पूर्वी होती, तीही २००४ च्या कायद्याने गेली.

शेवटची तारीख सगळ्यांसाठी ३१ ऑगस्टच का नाही?

कारण नियम तारखेवर नाही, तर ‘पहिल्या वापराच्या महिन्या’वर बेतलेला आहे. करवर्षात ज्या महिन्यात ट्रक सार्वजनिक महामार्गावर पहिल्यांदा चालला, त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत विवरणपत्र भरायचे असते. आधीपासून धंद्यात असलेले ट्रक १ जुलैनंतर लगेच रस्त्यावर असतातच, म्हणून त्यांची मुदत ३१ ऑगस्ट. ऑक्टोबरमध्ये नवा ट्रक रस्त्यावर आणला, तर मुदत ३० नोव्हेंबर. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा असेल, तर ती पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला रविवार होता आणि १ सप्टेंबरला कामगार दिनाची सुट्टी, म्हणून मुदत २ सप्टेंबरपर्यंत गेली.

मुदत चुकली, तर विवरणपत्र उशिरा भरल्याचा आणि कर उशिरा भरल्याचा असा दोन्ही प्रकारचा दंड महिन्यागणिक वाढत जातो. त्यावर व्याज वेगळे.

‘शेड्यूल १’ हा कागद इतका मोलाचा का?

विवरणपत्राबरोबर ‘शेड्यूल १’ नावाची यादी जोडलेली असते. त्यात मालकाच्या प्रत्येक ट्रकचा वाहन ओळख क्रमांक आणि वजनाचा टप्पा लिहिलेला असतो. आयआरएसने शिक्का मारून परत दिलेले शेड्यूल १ हाच कर भरल्याचा अधिकृत पुरावा.

ट्रकची नोंदणी आणि नंबर प्लेट देण्याचे काम राज्यांकडे आहे. मात्र, अवजड वाहनाची नोंदणी करताना हा पुरावा तपासणे राज्यांवर केंद्राच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. राज्याने कुचराई केली, तर त्याच्या महामार्ग निधीला कात्री लागू शकते. त्यामुळे नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर विनंती किंवा ओळख चालत नाही. कागद नाही, तर नूतनीकरण नाही.

एक सवलत आहे. ट्रक गेल्या ६० दिवसांत खरेदी केलेला असेल, तर विक्रीपत्र दाखवून शेड्यूल १ शिवाय नोंदणी करता येते. अर्थात, त्याने कर माफ होत नाही. तो मुदतीत भरावाच लागतो.

कागदी विवरणपत्र आणि ई-फायलिंगमध्ये फरक काय?

फरक वेळेचा आहे. कागदी फॉर्म टपालाने पाठवला, तर शिक्क्याचे शेड्यूल १ परत यायला काही आठवडे लागतात. नोंदणीची तारीख जवळ आली असेल, तर हे आठवडे जिवावर येतात. ई-फायलिंगमध्ये विवरणपत्र स्वीकारले गेल्यानंतर काही मिनिटांत शेड्यूल १ ची प्रत मिळते. तिच्यावर रबरी शिक्का नसतो. त्याऐवजी आयआरएसच्या ई-फाइलचा जलचिन्हासारखा ठसा असतो आणि राज्यांची नोंदणी कार्यालये तो ग्राह्य धरतात. म्हणजे महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर चहा-कॉफी होईपर्यंत चालक-मालकाच्या मोबाइलवर पुरावा येऊ शकतो.

एकाच विवरणपत्रात २५ किंवा त्याहून अधिक करपात्र वाहने दाखवायची असतील, तर ई-फायलिंग सक्तीचे आहे. कर स्थगित असलेली वाहने या २५ मध्ये मोजत नाहीत. त्याहून कमी वाहने असलेल्यांना टपालाचा पर्याय खुला आहे, पण आयआरएसचा आग्रह त्यांनीही ऑनलाइन भरावे असाच आहे.

ई-फायलिंगची प्रक्रिया कशी असते?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आयआरएसच्या संकेतस्थळावर थेट हे विवरणपत्र भरता येत नाही. आयआरएसने मान्यता दिलेल्या खासगी सेवा पुरवठादारांमार्फतच ते पाठवावे लागते. त्यांची यादी आयआरएसच्या संकेतस्थळावर असते आणि प्रत्येकाचे सेवाशुल्क वेगळे असते. हे शुल्क करात धरलेले नसते.

पहिली पायरी : ईआयएन, म्हणजे व्यवसायासाठीचा नऊ अंकी ओळख क्रमांक. एकच ट्रक स्वतः चालवणाऱ्यालाही तो लागतो. वैयक्तिक सोशल सिक्युरिटी क्रमांक इथे चालत नाही.

दुसरी पायरी : प्रत्येक ट्रकचा १७ अक्षरी वाहन ओळख क्रमांक, म्हणजे आपल्या बोलीत चेसिस नंबर. सोबत वजनाचा टप्पा आणि पहिल्या वापराचा महिना.

तिसरी पायरी : सही. ती पाच अंकी पिनने करता येते किंवा ठरावीक फॉर्मवर सही करून त्याची स्कॅन प्रत जोडता येते.

चौथी पायरी : पैसे. बँक खात्यातून थेट वळते करणे, सरकारची ईएफटीपीएस ही ऑनलाइन भरणा प्रणाली, क्रेडिट किंवा डेबिट कार्ड, अथवा चेक असे पर्याय आहेत. कार्डाने भरल्यास प्रक्रिया शुल्क वेगळे पडते. ईएफटीपीएससाठी आधी नोंदणी केलेली असावी लागते. शेवटच्या दिवशी ती सुरू करायला घेतली, तर हमखास उशीर होतो.

पाचवी पायरी : स्वीकृती आल्यावर शेड्यूल १ उतरवून घेणे आणि जपून ठेवणे. संबंधित नोंदी किमान तीन वर्षे सांभाळाव्या लागतात.

विवरणपत्र नाकारले जाते, ते कोणत्या कारणांनी?

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे नाव आणि ईआयएनचा मेळ न बसणे. ईआयएन घेताना कंपनीचे नाव एका पद्धतीने लिहिलेले असते आणि विवरणपत्रात दुसऱ्या. संगणकाला दोन्ही वेगवेगळे वाटतात आणि तो विवरणपत्र परत पाठवतो.

दुसरे कारण नवा ईआयएन. क्रमांक हातात पडला, म्हणजे तो ई-फायलिंगच्या यंत्रणेत पोहोचला असे नाही. त्याला साधारण दोन आठवडे लागू शकतात. ज्याने आज ट्रक घेतला आणि आजच क्रमांक काढला, त्याने ऑनलाइन विवरणपत्र उद्या पाठवले तर ते अडते. ट्रकचे कर्ज मंजूर होण्याची वाट पाहण्याच्या काळातच ईआयएन काढून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

तिसरे कारण चेसिस नंबरमधील चूक. या क्रमांकात इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या क्रमांकातील नववे चिन्ह हे तपासणी अंक असते. बाकीच्या १६ चिन्हांवर ठरावीक गणित केले की हा अंक आला पाहिजे. नाही आला, तर कुठेतरी चूक आहे. चांगली सॉफ्टवेअर हे गणित करून चूक तिथल्या तिथे दाखवतात. तरीही चुकीचा क्रमांक पुढे गेलाच, तर नुकसान मोठे असते. कर भरलेला असतो, पण शेड्यूल १ दुसऱ्याच क्रमांकाचे असते आणि नोंदणी कार्यालय ते मानत नाही. अशा वेळी दुरुस्तीचे विवरणपत्र भरता येते आणि त्यासाठी पुन्हा कर द्यावा लागत नाही.

चौथा गोंधळ जबाबदारीचा. मोठ्या कंपनीसाठी आपला ट्रक लावणाऱ्या चालक-मालकाला वाटते, कर कंपनी भरेल. कंपनीला वाटते, तो भरेल. नियम असा की, ट्रकची नोंदणी ज्याच्या नावावर, विवरणपत्राची जबाबदारी त्याची. करार करतानाच हा मुद्दा लेखी स्पष्ट करून घेणे दोघांच्याही हिताचे.

ट्रक फारसा चाललाच नाही तर?

वर्षभरात सार्वजनिक महामार्गांवर ५,००० मैल, म्हणजे सुमारे ८,००० किलोमीटर किंवा त्याहून कमी चालणार असलेल्या ट्रकचा कर स्थगित ठेवता येतो. शेतीच्या वाहनांसाठी ही मर्यादा ७,५०० मैल, म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटर आहे. हंगामापुरता धान्य वाहणारा शेतकऱ्याचा ट्रक याचे नेमके उदाहरण. मात्र, कर नाही म्हणून विवरणपत्र नाही, असे होत नाही. ते भरून ट्रक ‘डब्ल्यू’ या वर्गात दाखवावा लागतो आणि त्याचेही शेड्यूल १ मिळते.

पुढे मर्यादा ओलांडली, तर कर देय होतो. ज्या महिन्यात ती ओलांडली, त्याच्या पुढच्या महिन्याअखेरीस सुधारित विवरणपत्र भरायचे असते. मैल ट्रकचे मोजतात, मालकाचे नाही. मधे ट्रक विकला गेला, तरी दोन्ही मालकांच्या काळातील मैलांची बेरीज होते. त्यामुळे जुना ट्रक घेताना त्या वर्षात तो किती चालला, हे विचारून घ्यावे लागते.

उलट, पूर्ण कर भरल्यानंतर ट्रक विकला गेला, चोरीला गेला किंवा अपघातात पूर्ण निकामी झाला, तर उरलेल्या महिन्यांचा कर परत मागता येतो. कर भरूनही ट्रक मर्यादेपेक्षा कमी चालला, तर तो दावा वर्ष संपल्यानंतरच करता येतो.

हा पैसा जातो कुठे आणि वाद कशावरून?

हा कर अमेरिकेच्या महामार्ग विश्वस्त निधीत जमा होतो. १९५६ च्या महामार्ग कायद्याने देशभर आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायचे ठरले, तेव्हा हा निधी स्थापन झाला. रस्ता जो वापरतो, त्यानेच त्याचा खर्च उचलावा, हे त्यामागचे सूत्र. निधीचा मोठा वाटा इंधन करातून येतो. डिझेलवर गॅलनमागे २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४ सेंट. हे दर १९९३ पासून बदललेले नाहीत.

महामार्ग वापर कराचे तर त्याहून जुने. १००, २२ आणि ५५० डॉलर हे आकडे १९८४ पासून तसेच आहेत. तेव्हापासून अमेरिकेतील महागाई जवळपास तिप्पट झाली. म्हणजे त्या हिशेबाने ५५० डॉलरचे आज १,६०० डॉलरच्या पुढे व्हायला हवे होते. निधी अपुरा पडू लागल्याने २००८ पासून त्यात सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने एका फटक्यात ११८ अब्ज डॉलर त्यात वळवले.

दुसरा वाद न्याय्यतेचा. इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे तिच्यातून दिसले. म्हणजे अ‍ॅक्सलवरचे वजन दुप्पट झाले, तर झीज सुमारे १६ पट. कर मात्र ७५,००० पौंडांनंतर वाढतच नाही. मिशिगन राज्यात ११ अ‍ॅक्सलच्या ट्रकला १,६४,००० पौंडांपर्यंत परवानगी आहे. त्याचाही कर ५५० डॉलरच. जास्त अ‍ॅक्सल असल्याने त्याचे वजन विभागले जाते हे खरे, पण सर्वांत जड वाहने आपल्या वाट्याचा खर्च पुरेसा उचलत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. ट्रकमालकांची बाजू वेगळी आहे. नव्या ट्रकवर १२ टक्के विक्रीकर, टायरवर कर, डिझेलवर कर आणि वर हा वापर कर, असे चारही बाजूंनी आम्हीच भरतो, असे त्यांचे म्हणणे. विजेवर धावणारे ट्रक डिझेल कर भरत नाहीत, त्यामुळे वजनावर आधारित हा कर पुढच्या चर्चेत अधिक महत्त्वाचा ठरू शकतो.

भारतातील पद्धतीशी तुलना कशी?

आपल्याकडे वाहनांवरील कर हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात मालवाहू वाहनांचा कर आरटीओमार्फत वसूल होतो आणि तो ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो. केंद्र रस्त्यांसाठी पैसा उभारते तो इंधनावरील उपकरातून आणि राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगद्वारे होणाऱ्या टोल वसुलीतून. म्हणजे अमेरिकेतील ट्रकमालक केंद्राला वर्षातून एकदा वजनाप्रमाणे कर देतो, तर कळंबोलीहून नागपूरला निघालेला ट्रकमालक वाटेतल्या प्रत्येक टोलनाक्यावर पैसे मोजतो. एक साम्य मात्र आहे. कर थकला की गाडीची पुढची कागदपत्रे दोन्हीकडे अडतात.

मराठी वाचकांशी या विषयाचा आणखी एक धागा आहे. अमेरिकेतील अनेक ट्रकिंग कंपन्यांचे डिस्पॅच आणि हिशेबाचे काम भारतातील बॅक ऑफिसमधून चालते. जुलै-ऑगस्टच्या रात्रपाळीत फॉर्म २२९० भरणाऱ्यांसाठी तपासण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत. ईआयएनवरचे नाव अक्षरशः तेच आहे ना, चेसिस नंबर नोंदणीपत्रावरूनच घेतला आहे ना, वजनाचा टप्पा राज्याच्या नोंदणीतील वजनाशी जुळतो ना आणि सेवा पुरवठादार आयआरएसच्या यादीत आहे ना. हे चारही जुळले, तर उरलेले काम काही मिनिटांचे. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबल्यास मात्र एखादे विवरणपत्र परत आले, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.